आधी पोच घे

परवा जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, अगं जानेवारीत मुंबई महापालिकेची निवडणूक झाली तर मी उमेदवारांच्या यादीत तुझं नाव शोधत बसले, सापडलंच नाही, सोडलंस की काय राजकारण? मी म्हटलं सोडलं असं नाही, पण कधी नीट धरलंही नव्हतं. मग म्हणाली एकदा लिहून काढ ना, आपल्यासारखी लेडीज डब्यात मटार सोलणारी बाई महापालिकेत जाऊन कशी बसली ते. मटार मी ट्रेनमध्ये आयुष्यात एकदाच सोललेत आणि ते पण तिचेच होते, पण असो. लिहिते.

सतरा वर्षं मी बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात होते. भांडुपवरून स्लो लोकल, व्हीटीला उतरायचं (आता सीएसएमटी, पण अजून तोंडात व्हीटीच येतं), बाहेर आलं की समोर महापालिकेची ती मोठी दगडी इमारत, आणि आपण डावीकडे वळून जीपीओवरून ऑफिसला. सतरा वर्षं समोर दिसायची आणि सतरा वर्षं मी डावीकडे वळले. आत काय चालतं याची उत्सुकता कधी वाटली होती का, तर खरं सांगते, नाही. सकाळी मस्टर गाठायचं आणि संध्याकाळी बसायला जागा मिळेल ती गाडी पकडायची, डोक्यात एवढंच.

पहिली सहा वर्षं मी आवक-जावकवर होते. ही ऑफिसातली सगळ्यात दुर्लक्षित खुर्ची, दाराशी असते, पंखा तिथवर पोचत नाही आणि आलेला प्रत्येक माणूस तुम्हालाच साहेब आहेत का विचारतो. आमचे हेडक्लार्क रिटायरमेंटला आलेले, खिशात दोन पेनं, एक निळं एक लाल. मी नवीन असताना एका पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला, कागद नेऊन दिले आणि पोच न घेता आले, का तर तो माणूस गोड बोलला, चहा पण पाजला. आठ दिवसांनी पार्टी म्हणते कागद मिळालेच नाहीत. कंटेनर गोदीत पडून, रोजचं डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढतंय, आणि माझ्याकडे पुरावा काय, तर चहा प्यायलेला. हेडक्लार्क ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, कागद दिला म्हणजे काम झालं असं नाही. पोच घेतली म्हणजे कागद दिला. पोच नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता." पुढे मी अकाउंट्सला गेले, टॅली शिकले, पगार वाढला, पण माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर हे एकच वाक्य चाललंय असं म्हटलं तरी चालेल.

आता पाण्याचं. आम्ही राहतो भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. मुंबईच्या बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, त्यातल्या वैतरणा, भातसाचं बरंचसं पाणी आमच्या भांडुप कॉम्प्लेक्समध्ये शुद्ध होतं आणि तिथून शहरभर जातं. आशियातला सगळ्यात मोठा प्रकल्प म्हणून शाळेच्या सहली यायच्या बघायला. आणि त्या कॉम्प्लेक्सपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमच्या गल्लीत पाणी यायचं पहाटे चारला, पंचवीस मिनिटं, ते पण आलं तर. काखेत कळसा म्हणतात ना, तर इथे कळसा खरंच काखेत होता, फक्त रिकामा.

दोन घरांनी लाईनला मोटर लावलेली, त्यामुळे वरच्या घरांना आणखी कमी. सासूबाई नळावर बसायच्या, मी हंडे वर न्यायचे, नवरा निळ्या पिंपात ओतायचा, मुलगा अंथरुणातून "आलं का" विचारून परत झोपायचा. २०१३ च्या पावसाळ्याआधी एका पहाटे सासूबाई ओल्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणलं त्या रात्री मी ऑफिसातून आणलेली लांब वही काढली आणि रकाने आखले. तारीख, पाणी आलं, पाणी गेलं, किती हंडे, शेरा. का आखले ते विचारू नका, क्लार्क बाईला राग आला की ती रकाने आखते. त्रेचाळीस दिवस लिहिलं. शेऱ्यात "गढूळ", "आलंच नाही", "आलं पण धार करंगळीएवढी", एक दिवस सासूबाईंनी एका हाताने, तोही डावा, लिहिलंय "मेले कुठे सगळे". ते मी नंतर झेरॉक्स काढताना झाकलं.

मग अर्ज लिहिला, वहीच्या पानांची झेरॉक्स जोडली, हाफ डे टाकून वॉर्ड ऑफिसला गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला ठेवा इथे, देतो साहेबांना. मी दुसरी प्रत पुढे केली, पोच द्या. कसली पोच, लोक विश्वासावर ठेवून जातात. मी म्हटलं मी पण विश्वासावरच ठेवतेय, पण पोच द्या. तो उठून चहाला गेला. मी बाकावर बसले. तो आला, मला बघून पेपर वाचायला लागला. पावणेदोन तास. मागे कोणीतरी, मला ऐकू येईल इतपत हळू, म्हणालं, "बाईला काही पोच आहे का, नुसती चिकटून बसलीये." मला इतकं हसू आलं, म्हटलं तेच तर मागतेय मघापासून. शेवटी जेवणाच्या सुट्टीआधी त्याने शिक्का मारला, नंबर टाकला, तारीख टाकली, आणि प्रत माझ्याकडे सरकवली नाही, जवळजवळ फेकलीच. मी ती पर्समध्ये घडी न घालता ठेवली.

पुढचं लांबण लावत नाही. महिनाभर काही नाही, मग माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं त्यांना, एकोणतिसाव्या दिवशी आलं, "कार्यवाही सुरू आहे". अपील केलं. त्यात आवक नंबर होता म्हणून कोणाला अर्ज मिळालाच नाही म्हणता येईना. आणि मग एका पहाटे खरंच पाणीखात्याचा ज्युनियर इंजिनियर चावीवाल्याला घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. तरुण मुलगा, डोळ्यांत झोप, पण मनापासून बघत होता. चावीवाल्याने ती लांब टी-सारखी चावी खड्ड्यात घातली, अर्धी फिरवली आणि थांबला. इंजिनियर म्हणाला पूर्ण फिरव की. तो म्हणाला साहेब पूर्ण फिरवली की परत बंद होत नाय, आटे गेलेत, मग खालच्या लाईनला प्रेशर येत नाय, म्हणून आपण अंदाजाने अर्धीच ठेवतो. किती वर्षं? तो म्हणाला माझ्या आधीचा पण अर्धीच ठेवायचा. म्हणजे बघा, कट नाही कारस्थान नाही, एका झिजलेल्या व्हॉल्वपायी वरची शंभर-सव्वाशे घरं पहाटे चारला भांडत होती. व्हॉल्व बदलला. पंचवीसची पन्नास मिनिटं झाली. काही क्रांती नाही, पण सासूबाईंनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला शिरा वाटला.

त्यानंतर लोक यायला लागले. रेशनकार्डातलं नाव, गटाराची जाळी, शाळेचा दाखला. रविवारी सकाळी मी ओट्याशी कुकर लावून एकीकडे अर्ज लिहून द्यायचे, आणि एकच अट, पोच आणून दाखवायची. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पोरं जाऊन सांगायची "ताईंचा अर्ज आहे, दोन प्रती", त्याला कळायचं.

२०१७ च्या निवडणुकीसाठी आमचा प्रभाग महिला राखीव झाला. आपल्याकडे २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्के केलं आणि २०१२ पासून मुंबईत २२७ पैकी ११४ जागा बायकांच्या, सोडतीने ठरतात कुठल्या ते. आता सोडत निघाली की आदल्या नगरसेवकाच्या घरात काय होतं ते जगजाहीर आहे. आमच्याकडच्यांनीही वहिनींना उभं करायचं ठरवलं, साडी नेसून हात जोडलेला फोटो काढून झाला, बॅनरचं डिझाईन झालं, आणि मग कोणीतरी मतदार यादी काढली तर वहिनींचं नावच मुंबईत नाही. ते होतं गावच्या यादीत, कारण गावच्या ग्रामपंचायतीला घरचं एक मत वाढावं म्हणून दोन वर्षांपूर्वी ह्यांनीच ते तिकडे हलवलेलं! अजून आठवलं की मला हसू येतं, पण तेव्हा त्यांच्याकडे सुतक होतं म्हणतात.

हे सगळं मला नंतर कळलं. मला कळलं ते इतकंच की रात्री साडेदहाला दोन माणसं आली, चप्पल बाहेर काढून आत बसली आणि म्हणाली ताई, तुमचं नाव सुचवलंय. हिशोब सरळ होता, बाई साधी आहे, नोकरीवाली आहे, लोक ओळखतात, पाच वर्षं सांभाळेल आणि मग जागा निमूटपणे परत देईल. नवरा म्हणाला तुझं तू ठरव. सासूबाई आतून म्हणाल्या, "पाण्याचं करणार असशील तर उभी राहा, नुसते हार घालून घ्यायचे असतील तर नको." सकाळी मी साहेबांना फोन करून बिनपगारी रजा मागितली. ते म्हणाले मार्च एंडला येशील ना? मी म्हटलं हरले तर येते.

कागदांचा मला त्रास झाला नाही, उलट मजा आली. मालमत्तेचं शपथपत्र, गुन्हे आहेत का, मुलं किती (दोनपेक्षा जास्त चालत नाहीत), घरात शौचालय आहे का नाहीतर वापरता कुठलं, सूचक, अनुमोदक, खर्चासाठी वेगळं बँक खातं. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे ही आमची अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद, मात्र शेवटच्या दिवशी दुपारी आला, तोवर मी आणि माझी फाईल निवडणूक कार्यालयाच्या जिन्यात बसून. खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, चहा-वडापावपासून सगळ्याचे दर लावून. बाकीच्या उमेदवारांची पोरं तिथे डोकं खाजवत बसायची, मी रोज टॅलीचा प्रिंटआऊट द्यायचे. तिथला खर्च बघणारा माणूस म्हणाला मॅडम, तुम्ही निवडून नाही आलात तर आमच्याकडे नोकरीला या.

प्रचाराचं काय सांगू, डोंगर चढणे आणि डोंगर उतरणे. ऐन संक्रांतीच्या दिवसांत आचारसंहिता लागलेली, घरोघरी हळदीकुंकू चाललेलं, पण मी वाण दिलं तर ते मतदारांना आमिष, म्हणून मी नुसती जायचे, तिळगूळ घ्यायचे आणि रिकाम्या हाताने यायचे. बायका म्हणायच्या ही कसली ओ उमेदवार, उलट आमचंच खाऊन जाते. भाषण मला येत नव्हतं, अजूनही येत नाही. एका चौकसभेत माईक हातात दिला तर मी तीच वही काढली आणि व्हॉल्वची गोष्ट सांगितली, आणि खाली बसले. २१ फेब्रुवारीला मतदान, २३ ला मोजणी, तीन आकडी मतांनी आले. तीन आकडी म्हणजे नऊशे नव्हे हां, त्यातल्या त्यात खालच्या बाजूचे.

नोकरीचा राजीनामा टाइप करताना मात्र पोटात गोळा आला होता. घराचं कर्ज चालू, नगरसेवकाचं मानधन तेव्हा दहा हजार, पुढे पंचवीस हजार झालं, म्हणजे तरी माझ्या पगाराच्या खालीच. लोकांना वाटतं नगरसेवक झाली म्हणजे गाडी आली. आली होती एक, नवऱ्याची स्कूटर. त्यावरून पहिल्यांदा वॉर्ड ऑफिसला गेले, तो मला सोडायला आत आला आणि अधिकारी खुर्चीवरून उठून त्याला म्हणाले, "या साहेब, बसा." तो बिचारा म्हणाला मी नाही, ह्या. अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले हो हो मॅडम, नमस्कार, आणि परत त्याच्याकडे वळून, "बोला साहेब, काय विशेष?" असं तीनदा झाल्यावर नवरा यायचाच बंद झाला. कंपाउंडच्या बाहेर पानवाल्याकडे थांबायचा. बाकी त्या खिडकीवरचा तो माणूस तिथेच होता. मला बघून उभा राहिला, आणि मी काही बोलायच्या आत शिक्क्याचं पॅड पुढे ओढलं.

मुख्यालयात पहिल्या दिवशी मी व्हीटीच्या बाहेर आले आणि सवयीने डावीकडे वळले. जीपीओपर्यंत गेले, खरंच, मग लक्षात आलं आणि उलटी आले. आतलं सभागृह बघून दडपण येतं, सगळं जुनं लाकूड आणि उंच छत, १८९३ ची इमारत ती. आई गोरेगावची, तिने लहानपणी मृणाल गोरेंना बघितलेलं, १९६१ मध्ये त्या महापालिकेत निवडून आल्या, पाण्यासाठी इतक्या भांडल्या की नावच पडलं पाणीवाली बाई. माझ्या पत्रकावर कोणीतरी "भांडुपची पाणीवाली बाई" छापायला निघालेलं, मी ते खोडायला लावलं. एक व्हॉल्व बदलून कोणी मृणालताई होत नाही. आणि मुंबईला पहिली महिला महापौर १९५६ मध्येच मिळाली, सुलोचना मोदी, तेव्हा बायका आत्ता आत्ता आल्यात असं कोणी म्हणालं की मला राग येतो. फरक इतकाच की तेव्हा मोजक्या होत्या, आता निम्म्या.

त्या निम्म्यांत कोणाची तरी बायको म्हणून आलेल्या पुष्कळ होत्या, खोटं कशाला बोलू. नवरा बाहेर व्हरांड्यात, ही आत, फोनवर विचारून हात वर करणार. पण मी जे बघितलं ते सांगते. आमच्यासोबत एक होती, पहिली दोन वर्षं तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या वर्षी प्रभाग समितीत नालेसफाईचा विषय होता, अधिकारी म्हणाले मॅडम, ह्यांच्याशी बोललोय मी, ते ओके म्हणालेत. ही उठली. "नाला माझ्या स्वयंपाकघराच्या मागे आहे, ह्यांच्या नाही. ह्यांना विचारा गाळ कुठपर्यंत येतो, सांगता येतंय का." सगळे गप्प. त्यानंतर तिचा नवरा व्हरांड्यात दिसायचा, पण मोबाईलवर क्रिकेट बघताना. म्हणून आरक्षणाने काय होतं विचारणाऱ्यांना माझं म्हणणं आहे, तिसऱ्या वर्षापर्यंत थांबा.

पाच वर्षांत काय केलं याची यादी देत नाही, ती पत्रकात छापून झाली. २९ ऑगस्ट २०१७ ला तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तेव्हा मला सहाच महिने झाले होते, त्या रात्री कळलं की नगरसेविका म्हणजे काय, तर जिचा नंबर सगळ्यांकडे आहे अशी बाई. फोनची बॅटरी संपली आणि मला चक्क बरं वाटलं, दहा मिनिटं, मग रडू आलं. कोविडचं लिहीत नाही, अजून जमत नाही. स्थायी समितीत वगैरे मला कोणी घेतलं नाही, मोठी माणसं कशी बोलतात ते मी मागच्या बाकावरून ऐकलं. हातून झालं नाही ते पण सांगते, डोंगरावरच्या वरच्या दोन गल्ल्यांना पंपिंगचं पाणी मी देऊ शकले नाही, तीन वेळा प्रस्ताव गेला, तीन वेळा परत आला, सगळ्या पोचा आहेत माझ्याकडे. पोच असून पण कधीकधी काही होत नाही, हे हेडक्लार्कांनी सांगितलं नव्हतं.

७ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि निवडणूक काही लागेना. प्रभाग २२७ चे २३६ झाले, परत २२७ झाले, कोर्ट, सोडती निघाल्या, रद्द झाल्या, प्रशासक बसले ते पावणेचार वर्षांच्या वर. पण लोकांना कुठे माहीत मुदत संपली, ते येतच राहिले. दीड रीम लेटरहेड उरलेलं, "नगरसेविका" छापलेलं. टाकवेना. मग मी प्रत्येक पत्रावर पेनाने आधी "माजी" लिहायचे आणि मग मजकूर. वर्षभराने ते पण संपलं आणि मी मुलुंडला एका सीएकडे अकाउंट्सचं काम धरलं, आठवड्याचे चार दिवस. यावेळच्या सोडतीत आमचा प्रभाग ओबीसीसाठी गेला, मी खुल्या गटातली. दोन प्रभाग सोडून पलीकडे उभ्या राहा म्हणाले, मी नाही म्हटलं, तिथले व्हॉल्व कुठे आहेत ते मला माहीत नाही. १५ जानेवारी २०२६ ला जाऊन मत दिलं, बोटाला शाई लावून घेतली, आणि दुपारी जीएसटीची कामं.

नवीन नगरसेवक तरुण आहे, चांगला वाटतो, एकदा येऊन पाया पडून गेला. वरच्या गल्लीतली एक मुलगी आहे, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, लहानपणी माझ्याकडे अर्जाच्या झेरॉक्स काढायला पळायची ती. पंपिंगच्या पाण्याचा चौथा अर्ज तिने लिहिलाय, सोबत वही जोडून, बासष्ट दिवसांची. मला फक्त शुद्धलेखन बघायला दिला. गेल्या मंगळवारी मी मुलुंडला बॅलन्सशीट टॅली करत बसलेले तर तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली लिहिलेलं "ताई मिळाली!!!" आणि सहा-सात हार्ट. मी चष्मा वर करून फोटो मोठा करून बघितला. शिक्का होता, तारीख होती, सही पण होती, पण शिक्क्याची शाई पसरून आवक नंबराचे शेवटचे दोन आकडे वाचता येत नव्हते.

मी लिहिलं, "नंबर दिसत नाहीये. खिडकी बंद व्हायच्या आत परत जा."